रिपीटरचा आवाज : जुन्या व्हीएचएफ ट्रान्समीटरवरच्या कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

आज आमच्या हौशी रेडिओ (हॅम) गटाच्या रिपीटरसाठी जुन्या बाजारातून ट्रान्समीटर घरी आणला. रिपीटर म्हणजे उंचावर बसून एका सेटचा आवाज ऐकत ऐकत तो जोरात पुढे पाठवणारा संच. क्रिस्टलवर चालणारा व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचा) संच, कधीकाळी कुठल्या तरी कंट्रोल रूममध्ये बसवलेला असावा. ओतीव ॲल्युमिनियमची पेटी, मागे जाड पात्यांचा हीटसिंक, आत सगळे भाग मोकळे मांडलेले. कुठलीही कॉइल स्क्रू-ड्रायव्हरने फिरवता येते, कुठलाही कपॅसिटर सोल्डरिंग गनने काढता येतो. दुरुस्तीच्या विचाराने बनवलेली वस्तू हाती आली की काम करायला हुरूप येतो.

नवे सेट सहज मिळत असताना हे धूड कशाला, असं घरीही विचारलं गेलं. कारण असं की रिपीटर एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो. आपल्या दोन मीटरच्या (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या) बँडवर त्याचा रिसीव्हर ट्रान्समीटरपासून अवघ्या ६०० किलोहर्ट्झवर कान लावून बसलेला असतो. स्वस्त सिंथेसायझरचे सेट आपल्या वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना दूरपर्यंत बारीक खरखर पसरवतात आणि ती रिसीव्हरच्या कानात शिरते. क्रिस्टलची लहर गुणाकाराने वर नेणारा जुना ट्रान्समीटर या बाबतीत फार स्वच्छ असतो. शिवाय तासन्‌तास प्रक्षेपण सोसणारा हीटसिंक त्याच्याकडे आहे.

आमच्या गटाच्या रिपीटरचा आवाज हे खरं दुखणं. ऐकू येतो, पण आकडे कळत नाहीत. ‘साठ’ म्हटलं की पलीकडे ‘आठ’ लिहिलं जातं. ‘सहा’ आणि ‘दहा’ तर नेहमीच गोंधळतात. मराठी आकड्यांत ‘स’, ‘च’, ‘त’, ‘ठ’ यांवर सगळी मदार आहे आणि या व्यंजनांची ताकद वरच्या स्वरांत, म्हणजे उंच वारंवारतांत, असते. ‘स’चा बराचसा भाग ३ किलोहर्ट्झच्या वरच राहतो, रेडिओच्या आवाजपट्ट्यात त्याची फक्त खालची कड येते. ती कडही रिपीटरने खाल्ली तर उरतो नुसता ‘आ’सारखा स्वर.

जूनअखेरीस पालख्या पुण्यात येतील. ज्ञानोबा माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते, त्या पट्ट्यात गर्दीमुळे मोबाईल कोलमडतात आणि मध्ये डोंगर असल्यामुळे हातातल्या सेटवरून थेट बोलणं होत नाही. रिपीटरचा उपयोग तिथेच. ‘रुग्णवाहिका साठ नंबरच्या दिंडीजवळ पाठवा’ हे वाक्य साठचं साठ पोचलंच पाहिजे.

१० फेब्रुवारी, शनिवार

काहीही उघडण्याआधी आजची स्थिती मोजून ठेवली. सध्याची जोडणी सगळीकडे असते तशीच आहे : रिसीव्हरच्या स्पीकरचा आवाज उचलायचा आणि ट्रान्समीटरच्या माइकच्या जागी द्यायचा.

सिग्नल जनरेटरवरून रिसीव्हरला ३ किलोहर्ट्झ डिव्हिएशनचा सिग्नल दिला (डिव्हिएशन म्हणजे आवाजामुळे वाहक लहरीची वारंवारता किती मागेपुढे हलते ते), टोन बदलत गेले, आणि ट्रान्समीटर डमी लोडवर (अँटेनाऐवजी ताकद जिरवणाऱ्या रेझिस्टरवर) ठेवून बाहेर किती डिव्हिएशन निघतं ते पाहिलं. रिपीटर आदर्श असेल तर प्रत्येक टोनला ३ आत, ३ बाहेर असं यायला हवं. १ किलोहर्ट्झला तसं जुळवून घेतलं. ३०० हर्ट्झला उत्तर ७ डेसिबलने खाली, २ किलोहर्ट्झला ३ डेसिबल खाली, २.७ किलोहर्ट्झला तब्बल १० डेसिबल खाली. दोन्ही टोकं कापलेला, मधला भाग तेवढा फुगलेला आवाज. ‘डब्यातून बोलल्यासारखं’ अशी जी तक्रार येते, तिचा हा आकड्यांतला चेहरा.

डिव्हिएशन मोजायला महागडं यंत्र लागत नाही, हे नव्याने शिकणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. संगणकाला लावायचा एक साधा एसडीआर डोंगल, म्हणजे रेडिओलहरी पडद्यावर दाखवणारा रिसीव्हर, पुरतो. एफएममध्ये डिव्हिएशन भागिले टोनची वारंवारता हा आकडा २.४०५ झाला की मधली वाहक लहर पूर्ण नाहीशी होते आणि फक्त बाजूच्या लहरी उरतात. बेसेल या गणितज्ञाच्या फलनांतून हे येतं. म्हणजे १,२४७ हर्ट्झचा टोन द्यायचा, आवाज हळूहळू वाढवायचा, पडद्यावरची मधली रेघ पहिल्यांदा बुडाली की डिव्हिएशन बरोबर ३ किलोहर्ट्झ. १,८७१ हर्ट्झला ४.५ आणि २,०७९ हर्ट्झला ५ किलोहर्ट्झ. मीटर जुना झाला, सुई अडकली, असलं काही इथे आडवं येत नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

ट्रान्समीटरचा नकाशा हाताने काढला. क्रिस्टल १२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, मूळ वारंवारतेवर चालणारा. त्याच्यापुढे फेज मॉड्युलेटर, म्हणजे लहरीचा फेज मागेपुढे सरकवून तिच्यावर आवाज चढवणारा टप्पा, मग गुणाकाराचे टप्पे, एकूण बारापट. १२.१२५ गुणिले १२ म्हणजे १४५.५ मेगाहर्ट्झ, बेंचवरच्या कामाला हाच आकडा धरला आहे.

माइकच्या वाटेवर आधी उच्च स्वरांची उचल, म्हणजे प्री-एम्फसिस, मग ठरलेल्या मर्यादेपलीकडचा आवाज कापणारा डायोडचा लिमिटर, मग ३ किलोहर्ट्झच्या वरचं कापणारा फिल्टर. माणसाच्या तोंडासमोरच्या माइकसाठी ही रचना उत्तम आहे. पण रिपीटरमध्ये आवाज आधीच एका सेटमधून ही सगळी वाट चालून आलेला असतो. त्याला पुन्हा त्याच चाळण्यांतून काढलं की प्रत्येक चाळणीचा दोष दुपटीने जमा होतो. आधी रिसीव्हर वरचे स्वर दाबतो, ट्रान्समीटर ते पुन्हा उचलतो, आणि दाबणं-उचलणं हे कागदावर एकमेकांना खोडत असलं तरी तीस वर्षं जुन्या कपॅसिटरांत खोडत नाही.

तेव्हा ठरलं : आवाज स्पीकरवरून घ्यायचाच नाही. तो डिस्क्रिमिनेटरवरून (रिसीव्हरमध्ये लहरीतून आवाज वेगळा करणाऱ्या टप्प्यावरून), दाबण्याच्या आधी, जसा आला तसा उचलायचा आणि ट्रान्समीटरमध्ये तसाच घालायचा. रिपीटरने स्वतःचं काही मिसळू नये, काही काढून घेऊ नये. या प्रकल्पाचा सगळा हेतू एवढाच आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

शेजारचे काका दुपारी आले. आयुष्यभर सरकारी वायरलेसच्या वर्कशॉपमध्ये काम केलेले, अजून स्वतःचा स्वतंत्र मल्टिमीटर खिशात घेऊन फिरतात. नकाशा पाहिला आणि थेट फेज मॉड्युलेटरवर बोट ठेवलं.

“अगं, हा फेज मॉड्युलेटर आहे. डिस्क्रिमिनेटरचा आवाज याला सरळ दिलास तर चिरका निघेल.”

मुद्दा बिनतोड आहे. फेज मॉड्युलेशनमध्ये डिव्हिएशन म्हणजे फेजचा झोका गुणिले टोनची वारंवारता. झोका तेवढाच ठेवला तर ३,००० हर्ट्झला ३०० हर्ट्झपेक्षा दहापट डिव्हिएशन मिळतं. म्हणजे मॉड्युलेटर स्वभावतःच वरचे स्वर उचलतो, दर सप्तकाला ६ डेसिबल. बोलणाऱ्याच्या सेटने एकदा उचललेलं इथे पुन्हा उचललं जाणार.

“काका, मग आधी एक इंटिग्रेटर लावते. तो दर सप्तकाला ६ डेसिबल खाली आणेल, मॉड्युलेटर तेवढंच वर नेईल.”

“लाव की. आर्मस्ट्राँगने एफएम बनवलं ते असंच. आधी इंटिग्रेट, मग फेज, मग गुणाकार. आवाजापुरतं चालेलही. पण टोनचं काय करशील?”

एडविन आर्मस्ट्राँग यांना एफएमची पेटंटं १९३३ च्या डिसेंबरात मिळाली, त्यातली ही वाट. आणि काकांनी ‘टोनचं काय’ म्हटलं त्यात सगळी मेख आहे. काका गेल्यावर रात्री गणित मांडलं.

रिपीटर आवाजाखाली सतत एक सीटीसीएसएस टोन, म्हणजे ओळख पटवणारा आणि कानाला फारसा न जाणवणारा खालचा स्वर, पाठवतो, आमचा ८८.५ हर्ट्झचा आहे. त्याला ५०० हर्ट्झ डिव्हिएशन द्यायचं तर शेवटच्या लहरीत ५०० भागिले ८८.५ म्हणजे ५.६५ रेडियनचा झोका हवा. बाराने भागलं की मॉड्युलेटरच्या वाट्याला ०.४७ रेडियन, सुमारे २७ अंश. साधा एका टप्प्याचा फेज मॉड्युलेटर सरळ रेषेत वागतो तो जवळपास एवढ्याच मर्यादेत. म्हणजे एकटा टोनच सगळी जागा खाऊन बसणार आणि त्याच्यावर स्वार झालेला आवाज प्रत्येक हेलकाव्याला वाकडा होणार. जुन्या रिपीटरवर काही वेळा आवाज थरथरल्यासारखा येतो, त्याचं एक कारण हे असू शकतं. शिवाय इंटिग्रेटर खालचे स्वर जितके वर आणतो तितकीच वीजपुरवठ्याची गुणगुणही वर आणतो.

बेसचे जाड आवाज मात्र या वाटेने इतके त्रासदायक ठरले नसते, कारण बोलणाऱ्याच्या सेटमधल्या उचलीमुळे खालच्या स्वरांचं डिव्हिएशन मुळातच कमी असतं. अडचण टोनची आहे.

निर्णय : फेज मॉड्युलेटर बाजूला ठेवायचा आणि क्रिस्टललाच व्हॅरॅक्टरने, म्हणजे व्होल्टेजनुसार धारिता बदलणाऱ्या डायोडने, हलवायचं. खरंखुरं एफएम. त्याला वारंवारतेचा पक्षपात नसतो, ८८.५ हर्ट्झ आणि २,७०० हर्ट्झ दोन्ही त्याला सारखे.

९ मार्च, शनिवार

बाहेर ५ किलोहर्ट्झ हवेत तर क्रिस्टल ५,००० भागिले १२, म्हणजे ४१७ हर्ट्झ मागेपुढे हलला पाहिजे. सुमारे ३४ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ३४ भाग. घड्याळासारखा स्थिर राहावा म्हणून बनवलेल्या वस्तूला एवढं हलवायचं म्हणजे जबरदस्तीच, पण मूळ वारंवारतेचा क्रिस्टल असेल तर जमतं. तिसऱ्या ओव्हरटोनचा (मूळ वारंवारतेच्या सुमारे तिपटीवर चालणारा) असता तर हा विचार इथेच सोडावा लागला असता. ओव्हरटोनचे क्रिस्टल फारच कमी हलतात.

क्रिस्टलवरचा लोड बदलत गेल्यावर वारंवारता किती सरकते ते मोजलं. २० पिकोफॅरडच्या आसपास एका पिकोफॅरडला साधारण १५ पीपीएम. म्हणजे व्हॅरॅक्टरकडून दोन-सव्वादोन पिकोफॅरडचा खेळ मिळाला की झालं. एमव्ही २०९ जातीचा व्हॅरॅक्टर वापरला, ३ व्होल्टला सुमारे २९ पिकोफॅरडचा, मालिकेत एक स्थिर कपॅसिटर आणि क्रिस्टलला लागून छोटी कॉइल. ही कॉइल महत्त्वाची आहे. ती क्रिस्टलची हलण्याची कक्षा वाढवते आणि योग्य किमतीला वक्ररेषा सरळही करते.

फक्त हलून भागत नाही, सारख्या प्रमाणात हललं पाहिजे. व्हॅरॅक्टरला २ पासून ६ व्होल्टपर्यंत थोडं थोडं वाढवत डीसी दिलं, दर वेळी काउंटरवरचा आकडा आलेखाच्या कागदावर टिपला. कॉइल लहान होती तेव्हा रेघ वरच्या बाजूला झुकत होती. थोडे वेढे वाढवल्यावर ३.२ ते ५ व्होल्टच्या दरम्यान पट्टी ठेवून काढावी तशी सरळ आली. बायस, म्हणजे व्हॅरॅक्टरवरचा स्थिर व्होल्टेज, ४.१ व्होल्टवर ठेवला. त्याच्या दोन्ही बाजूंना ०.६ व्होल्टला पूर्ण ५ किलोहर्ट्झ मिळतात, म्हणजे एका मिलिव्होल्टला साधारण ८ हर्ट्झ. हा आकडा पुढे त्रास देणार हे लिहितानाच दिसतंय.

फेज मॉड्युलेटरची पट्टी काढली नाही. त्याचा आवाजाचा प्रवेश जमिनीला बांधला, आता तो नुसता मधला टप्पा म्हणून लहर पुढे देतो. कुणाला पुढे मूळ स्थितीत आणायचा असेल तर एक वायर हलवली की झालं.

१६ मार्च, शनिवार

सकाळी तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. टीएल०७२ (ऑप-अँप चिप), फिल्म कपॅसिटर, सीओजी जातीचे (तापमानाने फारसे न बदलणारे) सिरॅमिक, मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रूने फिरवायचे रेझिस्टर), शील्डेड वायर, ७८एल०८ (आठ व्होल्टचा रेग्युलेटर). जुन्या पट्टीवरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलायचे म्हणून तेही घेतले. मापल्यावर त्यातले बरेच लिहिलेल्या किमतीच्या निम्म्यावर आलेले निघाले, ३०० हर्ट्झची घसरण बहुतेक त्यांचीच.

रिसीव्हरमध्ये एमसी ३३६१ ही एफएमची चिप आहे. आवाज त्याच्या ९ नंबरच्या पिनवर मिळतो. तिथे रिसीव्हरच्या आतल्या ४५५ किलोहर्ट्झच्या लहरीचा अवशेषही असतो, तो एका रेझिस्टर-कपॅसिटरने उतरवला, आणि पिनवर भार पडू नये म्हणून लगेच टीएल०७२ चा बफर. ही वायर उघडी ठेवायची नाही. शील्ड रिसीव्हरच्या टोकालाच जमिनीला, दुसरं टोक मोकळं.

आवाजाच्या पट्टीवरचा क्रम असा ठेवला. बफरनंतर २५० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर, कारण बोलणाऱ्याचा सीटीसीएसएस टोन पुढे जाऊ द्यायचा नाही. मग पातळीचा प्रीसेट, मग उलटसुलट जोडलेले १एन४१४८ डायोड, मग ३ किलोहर्ट्झच्या वर उतरणारा चार पायऱ्यांचा फिल्टर. त्याच्यानंतर आपला स्वतःचा ८८.५ हर्ट्झ मिसळायचा आणि थेट व्हॅरॅक्टरवर.

लिमिटर कशाला ठेवला, असं गटातल्या एकाने विचारलं. ‘सपाट आवाज’ म्हणणारे काहीजण लिमिटर काढूनच टाकतात. मला ते पटत नाही. माइक ओठाला लावून ओरडणारा कुणीतरी असतोच, आणि त्याचं डिव्हिएशन ७ किलोहर्ट्झ झालं तर शेजारच्या चॅनेलवर त्याचा कचरा पडतो. ५ किलोहर्ट्झ डिव्हिएशन आणि ३ किलोहर्ट्झ आवाज धरला तर कार्सनच्या नियमाने दोघांच्या बेरजेची दुप्पट, १६ किलोहर्ट्झ जागा लागते. आपल्याला मिळालेली जागा तेवढीच वापरायची. पण लिमिटरने रोजच्या बोलण्याला हात लावता कामा नये, तो फक्त कुंपण आहे. म्हणून कापण्याची मर्यादा ४.५ वर ठेवणार. डायोडने कापल्यानंतरचा फिल्टर कोपऱ्यांवर थोडी उसळी देतो, ती धरून ५ च्या आत राहतं.

२३ मार्च, शनिवार

सुरू केलं आणि अपेक्षेप्रमाणे गुणगुण ऐकू आली. ८ हर्ट्झ प्रति मिलिव्होल्ट. वीजपुरवठ्यातून १०० हर्ट्झची पाच मिलिव्होल्ट लहर जरी बायसवर पोचली तरी ४० हर्ट्झ डिव्हिएशन, शांततेत स्पष्ट ऐकू येणारं. ७८एल०८ च्या पुढे एक रेझिस्टर आणि मोठा कपॅसिटर लावून बायस आणखी गाळून घेतला. ऑसिलेटर आणि आवाजाची पट्टी या दोघांची जमीन एकाच बिंदूवर आणली. आता एसडीआरवर १०० हर्ट्झची रेघ खरखरीत बुडते.

दुसरी गोष्ट पंख्याची. हीटसिंकचा पंखा लावला की आवाजात बारीक थरथर येते, कॉइल त्या कंपनाने हलते आणि वारंवारता तिच्यामागे. कॉइलवर मेणाचा थेंब सोडला, ऑसिलेटरची पट्टी रबराच्या गुट्ट्यांवर बसवली आणि पंखा पेटीपासून सुटा केला. पॉवर १० वॉटवर आणली आहे, त्यामुळे पंखा तसाही क्वचित फिरेल.

६ एप्रिल, शनिवार

ऑसिलेटर बदलला म्हणजे पुढच्या टप्प्यांना मिळणारी ताकद बदलली. गुणाकाराच्या सगळ्या कॉइल पुन्हा ट्यून केल्या. हे काम फक्त पॉवर मीटर बघून करणारे आहेत. बाहेर वॉट वाढले की झालं, असं नाही. बारापट गुणाकारात अकरावी आणि तेरावी पटही तयार होते आणि ढिल्या ट्यूनिंगमध्ये ती मुकाट्याने अँटेनापर्यंत जाते. आपल्या क्रिस्टलच्या हिशोबाने १३३.३७५ आणि १५७.६२५ मेगाहर्ट्झ.

पुण्यात राहून या दोन आकड्यांकडे दुर्लक्ष करता येत नाही. इथून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, आणि त्यांचा एक पट्टा १२० ते २५० मेगाहर्ट्झ ऐकतो. आकाशगंगांपलीकडून येणारा जो संकेत ते शोधतात त्याच्यापुढे आपला एक मिलिवॉटचा कचरासुद्धा आरडाओरडा आहे. मला रेडिओची ओढ लागली ती विज्ञान दिनाला जीएमआरटी पाहायला गेल्यावर. त्यांच्या पट्ट्यात माझ्या हातून घाण पडू नये, हे मला परवान्यातल्या अटीइतकंच बंधनकारक वाटतं.

टायनीएसए (खिशातला स्पेक्ट्रम ॲनालायझर) लावून, मध्ये पुरेसा ॲटेन्युएटर ठेवून, एकेक कॉइल फिरवली. जास्तीत जास्त वॉट जिथे मिळतात तिथून किंचित बाजूला दोन्ही नकोशा लहरी सर्वांत खाली जातात. अर्धा वॉट सोडला आणि ती जागा घेतली. आता दोन्ही मुख्य लहरीपेक्षा ७० डेसिबलहून खाली आहेत, त्यापुढे डुप्लेक्सरचे, म्हणजे एकाच अँटेनावरची जाणारी आणि येणारी लहर वेगळी ठेवणारे, डबे आहेतच.

१४ एप्रिल, रविवार

उन्हाळा कामाला घेतला. संच पत्र्याखालच्या माळ्यावर दिवसभर चालू ठेवला. पहाटे आणि दुपारी तीन वाजता वारंवारता टिपली. शेवटच्या लहरीत सुमारे ९०० हर्ट्झचा फरक, दुपारी खाली. क्रिस्टलला हलतं केलं की त्याचा घट्टपणा जातो, ही किंमत द्यावीच लागते. व्हॅरॅक्टर तापला की त्याची धारिता वाढते.

बायसच्या विभाजकात थर्मिस्टर घातला, तापमान वाढलं की बायस थोडा चढावा असा. ऑसिलेटरमधले साधे सिरॅमिक काढून सगळे सीओजी केले. फरक २५० हर्ट्झपर्यंत आला. एवढा चालेल.

५ मे, रविवार

पूर्ण वाट पुन्हा मोजली. फेब्रुवारीसारखंच, ३ किलोहर्ट्झ आत. १ किलोहर्ट्झला ३ बाहेर. ३०० हर्ट्झला १ डेसिबल खाली, २ किलोहर्ट्झला फरक नाही, २.७ किलोहर्ट्झला १.५ डेसिबल खाली. टोनचं डिव्हिएशन ५०० हर्ट्झवर, आणि टोन चालू-बंद केला तरी आवाजाच्या विकृतीत फरक दिसत नाही. काकांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून ३०० चा आणि २.७ चा आकडा दोनदा वाचला. “आता याला हात लावू नकोस,” म्हणाले.

१२ मे, रविवार

परवान्याच्या चौकटीत हवेवरची चाचणी. सासवडची मैत्रीण तिकडच्या बाजूला, मी पुण्यात, मध्ये रिपीटर. तिने आकड्यांची यादी स्वतःच बनवली होती आणि मला आधी दाखवली नव्हती. सहा, दहा, साठ, आठ, सात, पासष्ट, पंचावन्न, छत्तीस, छप्पन्न, मुद्दाम जवळजवळचे. आधी जुन्या जोडणीवर, मग नव्या. जुन्या जोडणीवर माझ्या कागदावर जागोजागी प्रश्नचिन्हं. नव्या जोडणीवर एकच आकडा चुकला, तोही तिच्या बाजूने गाडी गेली तेव्हा. ‘छत्तीस’मधला ‘छ’ आणि शेवटचा ‘स’ इतके स्वच्छ आले की मी तिला पुन्हा म्हणायला लावलं, नुसतं ऐकायला.

एक गोष्ट नव्याने लक्षात आली. तिचा सिग्नल अशक्त झाला की आता खरखरही जशीच्या तशी येते. जुन्या जोडणीत ती दबून जायची. काहींना हे आवडणार नाही. मला वाटतं हे बरंच आहे. ऐकणाऱ्याला कळतं की समोरचा सिग्नलच्या कडेवर आहे आणि तो ‘दोन पावलं उघड्यावर ये’ असं वेळेत सांगू शकतो.

२५ मे, शनिवार

गटातल्या बाकीच्यांनी वापरून पाहिलं. दोघांचा आवाज इतरांपेक्षा निम्मा येतो अशी तक्रार. रिपीटरला हात लावायच्या आधी त्यांचे सेट एसडीआरवर पाहिले. दोन्ही अरुंद चॅनेलच्या सेटिंगवर, म्हणजे जास्तीत जास्त २.५ किलोहर्ट्झ डिव्हिएशन. आधीच्या जोडणीत माइकची वाट सगळ्यांनाच दाबून सारखं करत असे, म्हणून हे झाकलेलं होतं. आता रिपीटर जे येईल तेच पुढे देतो, त्यामुळे प्रत्येकाला आपला सेट नीट ठेवावा लागेल. दोघांच्या मेनूमध्ये जाऊन रुंद चॅनेल केला, फरक मिटला.

आणखी एकाचा आवाज फाटत होता. त्याचं डिव्हिएशन ६ च्या वर, आणि आपल्या रिसीव्हरचा ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक फिल्टर त्याच्या कडा कापतो. त्याला माइक चार बोटं लांब धरायला सांगितलं. सेटची आतली सेटिंग पुढच्या भेटीत.

८ जून, शनिवार

प्रीसेटवर नेलपॉलिशचा ठिपका लावून जागा पक्क्या केल्या. पेटीच्या झाकणाच्या आत नकाशा चिकटवला आहे : ऑसिलेटरचा बायस ४.१ व्होल्ट, लिमिटर ४.५ किलोहर्ट्झ, टोनचं डिव्हिएशन ५०० हर्ट्झ, पॉवर १० वॉट, आणि मूळ स्थितीत आणायची वायर कुठली ते लाल शाईने. पुढे कधी हा डबा माझ्याऐवजी दुसरं कुणी उघडेल, त्याला अंदाज करत बसावं लागू नये.

राहिलेलं काम : बोलणारा थांबल्यावर स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज रोखणारं दार) बंद होईपर्यंत जो खर्रकन आवाज जातो, तो आता सपाट जोडणीमुळे जास्त टोचतो. आवाज थोडा उशिरा पुढे देणारी एक पट्टी मध्ये बसवली तर स्क्वेल्च आधी बंद होईल आणि खर्रकन बाहेर पडणार नाही. पीटी २३९९ या आवाज उशिरा देणाऱ्या चिपवर करून पाहणार आहे, पण त्याची स्वतःची खसखस किती आहे ते आधी मोजायचं. पालख्या येण्याआधी जमलं तर ठीक, नाही तर त्या परत गेल्यावर. तोवर डबा उद्या सकाळी ऊन चढायच्या आत गच्चीवर चढवायचा आहे आणि डुप्लेक्सर जागेवर पुन्हा जुळवायचा आहे, काकांनी नॅनोव्हीएनए (अँटेना आणि फिल्टर मोजायचं छोटं यंत्र) घेऊन येतो म्हटलंय.